अर्धी रिकामी डिस्क

दारव्ह्याच्या आमच्या तहसील कार्यालयात कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणारा माणूस कधी खुर्चीवर बसायचा नाही. उभ्यानेच, मान तिरपी करून स्क्रीनशी पुटपुटायचा. माझा त्याच्यावर भरवसा नव्हता.

कापूस बुडाला त्या वर्षी पंचनाम्यांनी डिस्क भरली. एका शेतकऱ्याची एक फाइल, चारच ओळींची.

"एवढ्याशा मजकुरानं डिस्क काहून भरली?" मी विचारलं.

"क्लस्टर मोठा हाय, साहेब. क्लस्टर म्हंजे डिस्कवरचं एक पोतं समजा. मूठभर कापूस ठेवला तरी अख्खं पोतं अडते, त्यात दुसऱ्याचा घालता येत नाही. फायली सीडीवर काढतो, डिस्क पुसतो, अन् पोते लहान करून देतो."

पुसतो म्हटल्यावर मी दिवसभर त्याच्या मागेच उभा राहिलो. संध्याकाळी डिस्क अर्धी रिकामी दिसली. माझा संशय वाढला. त्याच्यासमोरच मी गावागावाच्या फायली उघडून मोजल्या. एकही कमी नव्हती.

"भेटल्या सगळ्या?" त्यानं शांतपणे विचारलं.

पुढे दर वेळी निघताना, कोणी न सांगता, तो आपली पिशवी माझ्या टेबलावर उलटी करायचा. पेचकस, सीड्या, जेवणाचा डबा. राहू द्या, असं मी म्हणायला हवं होतं. मी मात्र डब्याचं झाकणही उघडून पाहायचो.