आक्काच्या वाटणीचं

मंडळी, सकाळपासून एक गोष्ट मनाला टोचते आहे, म्हणून लिहिते.

इंदापूरजवळच्या जंगलात टेकडीला वळसा घालून परत फाटकापाशी येणारी एक वाट आहे. चढ फार नाही, पण दम लागतो. भवानीनगरची माझी थोरली बहीण, आक्का, दरवर्षी या वाटेवर माझ्या पुढे असायची. यंदा केमोमुळे तिला दहा पावलंही जड जातात. तरी आज हट्टाने आली आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली बसली.

"तू जाऊन ये. मी हितंच हाय, पळून चालले न्हाय," म्हणाली.

वर पोचले तर लांबवर उजनीचं पाणी चकाकत होतं. खालच्या गवतात चिंकारा हरणांचा कळप चरत होता. एकटीने बघायला कसंतरीच वाटलं. लगेच उतरले.

"काय दिसलं गं?" आक्काने विचारलं.

"काही नाही. सगळं धुरकट होतं." तिला वाईट वाटू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

तिने पदराने तोंड पुसलं. "मग उगीच पाठवली तुला. माझ्या वाटणीचंबी बघून येशील, असं वाटलं हुतं."

गाडीत मी खरं सांगून टाकलं. ती रागावली नाही. डोळे मिटून तिने विचारलं, "हरणांसंगं पाडसं हुती का?"

मी तेवढं थांबून पाहिलंच नव्हतं.

कुणाला जपता जपता तुम्हीही त्याच्या वाटणीचं असं काही हिरावून घेतलंय का?