बारवेतली भांडी

आमच्या गावच्या देवीच्या बारवेची गोष्ट मुरुडच्या बाजारात कुणालाही विचारा, तो दोन पानं खाऊन होईपर्यंत सांगेल. पूर्वी म्हणे कुणाकडे लग्न निघालं की घरच्या बाईनं आदल्या सांजेला बारवेच्या पायरीवर हळदकुंकू वाहायचं आणि किती भांडी लागतील ते पाण्याला सांगायचं. सकाळी पायरीवर पितळेची लखलखीत भांडी तयार. लग्न उरकलं की घासूनपुसून परत पाण्यात सोडायची. पुढे एका घरानं एक कढई दडवून ठेवली, देवी कोपली आणि भांडी यायची बंद झाली. ऐकणारा हळहळतो आणि आपल्या घरी जातो. आमची मात्र घरी जाऊनही सुटका नव्हती, कारण कढई दडवणारं ते घर आमचं होतं.

ती कढई कुणी पाहिली होती? कुणीच नाही. आमच्या माळ्यावर गंजलेल्या पहारीखेरीज काही नव्हतं. तरी आमच्या घरची घागर बारवेला लावायची नाही, हा गावचा कायदा. आम्ही शेतातल्या विहिरीवरून पाणी आणायचो. कुणाची म्हैस आटली तरी लोक आधी आमच्या दाराकडे बघायचे. बौद्धवाड्यातल्या बायकांना तर त्या पायऱ्यांवर कधी कुणी उभं केलं नव्हतं. त्यांना अडवायला गोष्टसुद्धा लागली नव्हती.

मग दुष्काळ आला. शेतातली विहीर आटली, बारवेच्या तळाशीही नुसता चिखल उरला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिथे बौद्धवाड्यातली एक बाई तिची जोडीदारीण झाली. एक दगड धरायची, दुसरी घण घालायची. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी दोघी एकाच फडक्यात बांधून न्यायच्या. गावात कुजबुज झाली. आईनं ती ऐकली आणि सोडून दिली.

त्याच उन्हाळ्यात कंधारकडचे लोक मला बघायला आले. मी सातवी पास, रंगानं सावळी, स्वयंपाकात बरी, बोलण्यात जरा जास्तच. तरी पसंत पडले, म्हणजे मी त्यांना. जाता जाता ते देवीच्या दर्शनाला थांबले आणि गुरवानं त्यांना सवयीनं गोष्ट सांगितली, आमच्या घराच्या नावासकट. चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला: मुलगी चांगली आहे, पण. एवढं बोलून त्यानं वहाणा चढवल्या. मी रडले. मला त्या देवीचाच राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

आई रडली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं पदर खोचला, टिकाव आणि घमेलं घेतलं आणि देवळाची वाट धरली. मी मागोमाग गेले. बारवेतला गाळ काढायला हवा हे गावालाही कळत होतं, पण शेवटच्या पायरीखाली उतरलं तर देवी कोपेल म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले होते. गुरव आडवा आला. गावात कुणीही उतरेल एक वेळ, पण तुमच्या घरचं माणूस नको, असं त्याचं म्हणणं पडलं.

आई म्हणाली, "शाप आमच्याच घरावर हाय ना? मग उतरायला आमच्यापरीस बरं माणूस कुठून आणणार तुमी? जे व्हायचं ते होऊन गेलंय आमचं."

गुरव बाजूला सरला. आई खाली उतरली. थोड्या वेळानं तिची जोडीदारीण आली आणि कुणाला न विचारता पायऱ्या उतरू लागली. गुरव पुन्हा ओरडायला लागला, तशी ती मागे वळून शांतपणे म्हणाली, "आमी देव सोडले, मामा. माझ्यावर कोण कोपणार?"

तोवर वडीलही आले होते. अबोल माणूस. ते घरी गेले, दोर घेऊन आले आणि काठावर उभे राहून घमेली ओढू लागले.

दुपारी टिकाव कशावर तरी खणकन वाजला. चिखलात रुतलेला तांब्या निघाला. मग चरवी, मग पोचे पडलेली घागर, मग कळशी. आता कढईही निघते आणि गोष्ट खरी ठरते की काय, या भीतीनं मी देवीलाच हात जोडले. कढई निघाली नाही. पण तांब्या-कळश्या निघतच राहिल्या. आईनं त्या चिंचेनं घासल्या आणि देवळाच्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. तोवर सगळं गाव गोळा झालं होतं.

भांड्यांवर कोरलेली नावं वाचायची गरजच पडली नाही. पाटलांची म्हातारी पुढे आली, एका चरवीच्या काठावरून बोट फिरवत म्हणाली की ही माझ्या सासूची. मग एकेक बाई आपलं भांडं ओळखू लागली आणि ओळखून गप्प होऊ लागली. दोर निसटला की भांडं बुडतं, त्यात नवल काय? पण सासूला सांगायची छाती कुठून आणायची? देवीनं ठेवून घेतलं, असं सांगितलं की सगळं भागत होतं. खुद्द गुरवाच्या घरचे दोन तांबे निघाले.

आई ओट्यापाशी उभी राहिली. तिच्या तळहातांची सालटी निघाली होती. ती म्हणाली, "आपापलं वळखून घ्या. यात आमच्या घरचं एक बी न्हाई, अन् हिच्या घरचं बी न्हाई. आमाला कधी घागर बुडवूच दिली न्हाई तुमी."

एकेकीनं पुढे होऊन आपलं भांडं उचललं. दोन दिवसांनी खालच्या कपारीतून करंगळीएवढी धार लागली. पहिली घागर जोडीदारणीनं भरली. काहींनी नाकं मुरडली, पण मुरडलेली नाकं घेऊनच मागे रांगेत उभे राहिले. तहान मोठी असते.

पुढल्या वर्षी माझं लग्न ठरलं, दुसरीकडे. पाटलांच्या म्हातारीनं आपली चरवी पाठवली, मग इतरांनीही आपापली. बारवेतली सगळी भांडी माझ्या लग्नात पंगतीला वापरली गेली.

काही वर्षांनी लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचे नवे साहेब गावोगाव हिंडू लागले. असेच एक साहेब देऊळ बघायला आले, तेव्हा मी माहेरी होते. आईला घेऊन दर्शनाला गेले होते. गुरव आता पिकला होता आणि त्याची गोष्टही. तो सांगत होता, की दुष्काळात साक्षात देवी बाईच्या रूपानं बारवेत उतरली, सोबत तिची दासी होती आणि दोघींनी गावाची भांडी परत दिली. साहेब हात जोडून ऐकत होते. मी आईकडे पाहिलं. एवढा मान कुणाच्या आईला मिळतो? मला वाटलं, ही खूश होईल.

आई काठी टेकत पुढे झाली.

"देवीबिवी कुणी न्हवती, साहेब. मी उतरले होते. अन् दासी कुणाला म्हणता? ती माझी जोडीदारीण."

साहेब गोंधळले. गुरव हसून म्हणाला की म्हातारीचं वय झालंय. आईनं वाद घातला नाही. पण त्या दिवसापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती बौद्धवाड्यात जायची, जोडीदारणीला बरोबर घ्यायची आणि दोघी देवळाच्या ओट्यावर जाऊन बसायच्या, गुरव गोष्ट बरोबर सांगतो का ते ऐकायला.