मद्रासचा सूर्य गेला कुठे?

मद्रासच्या गाडीत दिघ्याच्या नामदेवने पत्र्याच्या ट्रंकेवर धरलेला ठेका आज सकाळी अचानक कानात घुमला, मंडळी. नात मैत्रिणींबरोबर चेन्नईला निघाली आणि म्हणाली, "आजोबा, पोचल्या पोचल्या बीचवर सूर्यास्त बघणार!" मी इतका हसलो की ठसका लागला.

ऐंशीच्या दशकात नामदेव, मी आणि रबाळ्याच्या कारखान्यातले आणखी पाच असे आम्ही सात जण असेच निघालो होतो. शाळेतल्या कविता मला तोंडपाठ, म्हणून सगळे 'कवी' म्हणत. समुद्रात सूर्य बुडताना कविता म्हणेन, असा शब्द मी दिला होता. त्या भरवशावर सगळ्यांनी रजा काढलेली.

पोचलो त्या संध्याकाळी चहासुद्धा न घेता वाळूवर ओळीने बसलो, समुद्राकडे तोंड करून. अंधारून आलं तरी सूर्य दिसेना. शेवटी नामदेवने मागे वळून पाहिलं. सूर्य केव्हाच शहरामागे बुडाला होता!

"अरे कवी, आपला समुद्र पश्चिमेला. हा पूर्वेला हाय!"

लॉजवर सगळे माझ्यावर तुटून पडले. "एवढ्या लांब आणून सूर्याला पाठ दाखवायला लावलीस! उद्याच परत जाऊ." हौसेने नेलेली माणसं अशी रुसली तर तुम्ही काय केलं असतं, सांगा!

तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या खोलीतले लुंगी नेसलेले आजोबा उभे होते.

"मी माटुंगाला दहा वर्ष होता. सगला ऐकला," ते हसत म्हणाले. "पहाटे पाचला तयार राहा. इथे सूर्य समुद्रातून वर येतो. मी नेतो. आणि कवी, तुमचा कविता विसरू नका."