सात मडक्यांची पोपटी

सोसायटीच्या बागेच्या कमिटीपुढे मी पुन्हा जाऊन उभा राहिलो तो एका लोखंडी खाटेसाठी. आपटा गावाच्या पुढे पाताळगंगा नदीच्या काठी निराधारांचा एक आश्रम आहे. तिथल्या पुरुषांच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर माझा धाकटा भाऊ झोपायचा. वय पंचेचाळीस, समज सात-आठ वर्षांच्या पोराची, आणि महिन्यातून दोन-तीनदा फिट. पावसाळ्यातल्या एका वादळात त्या खोलीचे पत्रे उडाले. वर ताडपत्री बांधून त्यांनी कसेबसे दिवस काढले. आश्रम चालवणाऱ्या ताईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं की गुढीपाडव्यापर्यंत छप्पर झालं नाही तर पुरुषांची खोली बंद होईल आणि माणसं जिथून आली तिथे परत जातील.

तो आला होता माझ्या घरून. आई गेल्यावर चार महिने तो करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटवर होता. एकदा गॅसचं बटण फिरवून ठेवून खुशाल खिडकीत बसला. दुसऱ्यांदा दुपारचा कुणाला न सांगता बाहेर पडला आणि स्टेशनाजवळ रुळांमध्ये दगड वेचताना सापडला. त्या दिवशी बायको मला म्हणाली, "मी त्याचं सगळं करीन, पण उद्या तो माझ्या हातून मेला तर तुम्ही मला माफ कराल का?" दुसऱ्या दिवसापासून मी जागा शोधायला लागलो. पैसे घेणाऱ्या दोन ठिकाणी चौकशी केली. फिट येणाऱ्याला ते घेत नाहीत. आश्रम घेत होता, पण फक्त ज्याला कोणी नाही त्याला. मी अर्ज भरला. 'आणणाऱ्याचं नातं' या रकान्यात 'ओळखीचा' असं लिहिलं. सही करताना माझा हात थांबला नाही, हेही इथे लिहून ठेवतो. आयुष्यभर घासाघीस केलेल्या माणसाला कुठल्या शब्दावर सौदा अडलाय ते लगेच कळतं.

मी भाजीचा व्यापारी. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली, आज माझे दोन टेम्पो आहेत. हॉटेलांना माल देतो. तरीही ते छप्पर एकट्याने घालण्याइतके पैसे माझ्याकडे नव्हते. असते तर मी त्या कमिटीच्या दारात पाऊल ठेवलं नसतं.

कारण ती बाग माझी होती. म्हणजे जागा सगळ्यांची, पण डेब्रिजचा तो ढिगारा मी उचलवला होता. वीटभट्टीवाल्याशी तीन दिवस भांडून गाळाची माती फुकटात जमेल तितकी आणि उरलेली निम्म्या भावात आणली होती. पहिले वाफे मी आखले. मग उद्घाटन झालं, संगमरवरी पाटी लागली, तिच्यावर अकरा नावं आली आणि माझं नाही. विचारायला गेलो तर खजिनदार म्हणाले, "अहो, तुम्ही तर माल पुरवलात. पुरवठादारांची नावं कोण घालतं?" त्या दिवशी मी खुर्ची लाथाडून बाहेर पडलो. त्यानंतर चार वर्षं बागेत फिरकलो नाही.

जानेवारीत त्यांचा हरित मेळा असतो. घरच्या खताची प्रात्यक्षिकं, बियांची अदलाबदल, गच्चीवरच्या भाज्या, घरून ताट-वाटी आणायची, प्लॅस्टिक बंद. जमलेले पैसे एका संस्थेला देतात. या वेळी ते झाडं लावणाऱ्या कुठल्याशा मंडळाला जाणार होते. मी बैठकीत गेलो आणि म्हणालो, "मी पोपटी लावतो. वाल माझे, मडकी माझी, टेम्पो माझा. मेळ्याचे सगळे पैसे मात्र आपट्याच्या आश्रमाला द्यायचे."

अध्यक्षबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचा काय संबंध त्या आश्रमाशी?"

"भाजी देतो तिथे."

हे खोटं नव्हतं. दर शनिवारी देत होतोच.

कोपऱ्यातला एक तरुण, कॉम्प्युटर कंपनीतला, लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "पण अंकल, पोपटी म्हणजे जाळ. सस्टेनेबिलिटीच्या कार्यक्रमात धूर?"

"मातीचं मडकं, झाडाची पानं, शेतातला पेंढा," मी म्हणालो. "यात काय तुझ्या आजोबांच्या काळात नव्हतं ते सांग. आणि स्पीकरसाठी जनरेटर लावता, तो काय सुगंध सोडतो?"

दोन-चार जण हसले. बाई हसल्या नाहीत. पण पोपटीला गर्दी होते, कूपनं हातोहात खपतात, हे त्यांनाही माहीत होतं. दीड तास ओढाताण झाली. मी तीन जाळ मागितले, त्यांनी एकच दिला. सकाळी अकराला, भिंतीकडच्या कोपऱ्यात, अर्ध्या तासात विझवायचा. मी म्हटलं, मग एका जाळात सात मडकी. कबूल झालं. बाहेर पडताना मला वाटलं की मी जिंकलो.

ज्यांनी पोपटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मडक्याला आतून रानातल्या भांबुर्ड्याच्या झुडपाचा पाला गच्च लावायचा. त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा आणि जाडं मीठ, मध्ये मध्ये पुन्हा पाला. तोंडही पाल्यानेच ठासून बंद करायचं आणि मडकं जमिनीवर पालथं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालत नाहीत. पाल्याच्या ओलीवर सगळं शिजतं. एकदा पालथं घातलं की उघडून बघता येत नाही. वरून पाणी शिंपडायचं, चर्र वाजलं की झालं म्हणायचं.

आदल्या दिवशी सकाळी बाजारात पाल्याचा भारा घेऊन एक म्हातारी बसली होती. कर्नाळ्याच्या बाजूने चालत आली होती. पाचशे म्हणाली. मी न थांबता अडीचशे म्हणालो. माझं तोंडच तसं आहे, समोरून आकडा आला की निम्मा बाहेर पडतो.

"शेठ, डोंगरावं चढून कापलाय. पाय बगा माजे."

"पाय काय विकत घ्यायचेत मला? पाला रानातला, फुकटचा."

"फुकटचा हाय तं जावा की तुमी कापाया."

"अडीचशे. हो की नाही सांग, टेम्पो उभा आहे."

ती भाऱ्याकडे वळली. भाऱ्याची दोरी सोडली, निम्मा पाला काढून बाजूला ठेवला आणि उरलेला माझ्याकडे ढकलला. "ह्यो अडीचशेचा. पुरला तं पुरला, नाय पुरला तं बोंबलू नको."

मला राग आला. मीही हट्टाला पेटलो आणि तेवढाच उचलला. मनात म्हटलं, पुरवतो. दोनशे-तीनशे रुपयांनी माझं काही अडणार नव्हतं. भावाच्या खाटेचा प्रश्न होता आणि हे मला त्या क्षणीही माहीत होतं. तरी मी वळलो नाही. तिच्यासमोर पुन्हा जाऊन पाचशे काढणं मला जमलं नाही.

रविवारी बाग माणसांनी भरली. वाफ्यांच्या मधून पोरं पळत होती, एक बाई गांडूळखताची परडी उघडून दाखवत होती, ताट-वाट्यांचे आवाज येत होते. पहिल्या रांगेत आश्रमाच्या ताई, मेळ्याच्या पाहुण्या म्हणून. पांढरी सुती साडी, मांडीवर हात. कूपनं सकाळी दहालाच संपली होती.

चार मडक्यांतच जवळजवळ सगळा पाला संपला. उरलेल्या तीन मडक्यांसाठी मी आधीच्या चारांतला थोडा उपसला. सगळ्यांचाच थर पातळ झाला. तोंडं बंद करायला काहीच उरेना तेव्हा बागेतल्या केळीची पानं कापून ठासली. लहानपणापासून पोपटी लावत आलोय. केळीचं पान जाळात आक्रसतं हे मला कळत नव्हतं असं नाही. मी देवाचं नाव घेतलं आणि पेंढा पेटवला.

जाळ छान लागला. धूर भिंतीवरून वर गेला. अर्ध्या तासात तो तरुण घड्याळ दाखवत उभा. "अंकल, टाइम." पाणी शिंपडलं. चर्र वाजलं. सातही मडक्यांवर वाजलं. लोक ताटं घेऊन जवळ सरकले, कुणी मोबाइल वर धरला.

पहिलं मडकं उचललं तर शेंगा खाली राखेत सांडल्या. केळीची पानं जळून गेली होती. दुसऱ्यात वरच्या शेंगा काळ्या ठिक्कर, खालच्या कच्च्या. तिसरं, चौथं तसंच. सातवं उचललं. त्यात मूठभर शेंगा बऱ्या होत्या. ती मूठ घेऊन मी समोरच्या दोनशे माणसांकडे बघत राहिलो.

"दीडशे रुपयांत कोळसा?" मागून कुणीतरी म्हणालं.

"ओ भाजीवाले, बार्बेक्यू केलात की काय!"

मी त्या तरुणावर धावून गेलो. "तुझ्यामुळे! टाइम टाइम करत डोक्यावर उभा राहिलास! धुराची ॲलर्जी तुम्हाला, तर कशाला मागता रे पोपटी?" तो मागे सरला. त्याचा काही दोष नव्हता, हे ओरडतानाही मला कळत होतं. खजिनदारांनी माझा दंड धरला, मी तो झटकला. अध्यक्षबाई माइकवर गेल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "ज्यांना पोपटी मिळाली नाही त्यांनी टेबलापाशी कूपन दाखवून पैसे परत घ्यावेत."

टेबलापुढे रांग लागली. मी बघत होतो. प्रत्येक माणूस पुढे सरकत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर एक एक पत्रा निघत होता. मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. घेताना दिलं होतं, देताना घेतलं होतं. फुकट मागायची भाषाच मला येत नव्हती. मी बाईंच्या हातातून माइक घेतला.

"परत घेऊ नका," मी म्हणालो. "ते पैसे छपराला जाणारेत. त्या छपराखाली माझा भाऊ झोपतो. सख्खा भाऊ. त्याला फिट येते. खोली बंद झाली तर त्याला ठेवायला दुसरी जागा नाही. पोपटी मी जाळली, चूक माझी. शिव्या मला द्या. पण परत घेऊ नका."

 माइक हातात तसाच. रांगेतला एक म्हातारा कूपन खिशात घालून बाजूला झाला. मग आणखी काही जण. सगळे नाही. एका बाईने माझ्याकडे न बघता पैसे घेतले आणि गेली. तिच्यावर तेव्हा रागावलो होतो, आता नाही. खजिनदार, तेच पाटीवाले, खुर्ची आणून म्हणाले, "बसा जरा. पाणी घ्या." मी बसलो.

ताई जवळ आल्या. मला वाटलं, आभार मानतील.

"सख्खा?" त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.

"अर्जावर तुम्ही 'ओळखीचा' लिहिलंय. सात वर्षं मी तुम्हाला देवमाणूस समजत होते. दर शनिवारी भाजी आणतात, एका परक्या माणसाच्या उशाशी बसतात." त्यांचा आवाज चढला नव्हता. "छपराचं होईल. आज जमलंय त्यात अर्धी खोली होईल. पण बाहेर चौदा जण वाट बघतायत, ज्यांना खरंच कुणी नाही. त्यांना मी काय सांगू?"

मी सुरू झालो. दर महिन्याचा खर्च देतो म्हणालो. भाजी रोजची देतो. छपराचं उरलेलं दोन वर्षांत फेडतो. पावसाळ्यानंतर नेतो. दिवाळीनंतर. त्या ऐकत राहिल्या, मध्ये एकदाही थांबवलं नाही. असं गिऱ्हाईक मला कधी भेटलं नव्हतं, ज्याला काही नकोच होतं.

"पाडव्यापर्यंत ठेवते," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी नाही. त्याला सवय व्हायला वेळ लागतो म्हणून."

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती बाजारातून स्वयंपाकघराच्या दारासाठी कुलूप घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवलं. मी ते बसवलं. त्या महिन्यात मी आणखी पाच संस्थांचे उंबरे झिजवले. एके ठिकाणी तर पाया पडलो. कुठेच जमलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याला आणलं. कपड्यांची एक पिशवी आणि गोळ्यांचा डबा. टेम्पोत माझ्या शेजारी बसून तो वाटभर हॉर्न मोजत होता. लिफ्टचं दार बंद होताना बघून मात्र तो ओरडत मागे सरकला, म्हणून आम्ही जिन्याने निघालो. घर चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर त्याने बसकण मारली.

"दादा, खाट?"

"वर चल. वर आहे."

वर खाट नव्हती. हॉलमध्ये गादी अंथरली होती.

"खिडकीची?"

"हो रे. खिडकीची. ऊठ."

तो कठड्याच्या गजाला दोन्ही हातांनी धरून बसला. मी ओढून पाहिलं, समजावलं, मग ओरडलो. माझ्या ओरडण्याने तो रडायला लागला आणि त्याचा डावा गाल उडायला लागला. फिटच्या आधी तो तसाच उडतो. मी त्याच्याजवळ पायरीवर बसलो आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. वर दाराची कडी वाजली. बायको जिन्यापाशी येऊन खाली वाकून बघत उभी राहिली.

"चढतोय का तो?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "येतोय."

तो गज सोडत नव्हता.