जेवणाआधी वजन, जेवणानंतर वजन

चिवड्याचा डबा संपत आला की तळाशी नुसते शेंगदाणे उरतात. मुद्दाम कोणी साठवलेले नसतात, आपोआप खाली जमतात. आमच्या विमानाच्या किश्श्यांचं तसंच झालंय. कुणाच्याही घरी सत्यनारायण असो, बारसं असो, प्रसाद हातात पडला की कोणीतरी म्हणतंच, "उज्ज्वला, तो पपनसांचा सांग ना!" मग एकावरून दुसरा निघतो.

विमान म्हटलं की लोकांना वाटतं, यांच्याकडे पैशांची झाडं आहेत. तसं काही नाही हो! मकरंद माझा ऑफिसमधला जुना सहकारी. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला विमान चालवायचं खूळ लागलं आणि शिकलाही. विमान क्लबचं, तासावर मिळणारं, चार सीटचं, आमच्या पुण्यातल्या जुन्या मारुतीएवढं. इथे सिंगापूरच्या सेलेटार विमानतळावरून उडायचं, मलेशियात कुठेतरी उतरायचं, जेवायचं आणि संध्याकाळच्या आत परत. ज्या विमानतळाजवळ धड जेवायला मिळत नाही तिथे मकरंद उतरतच नाही. आधी पोटोबा, मग बाकी सगळं.

आम्ही चौघं. मकरंद, मी, माझा नवरा शिरीष आणि कॅप्टन प्रधान. हे कॅप्टन विमानाचे नव्हेत, जहाजाचे. आता रिटायर होऊन बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये राहतात. मंगलाकाकू गेल्यापासून एकटेच.

*

पहिल्या ट्रिपच्या आदल्या दिवशी मकरंदचा फोन.

"वजन सांग."

"कोणाचं?"

"तुझं. छोटं विमान आहे. माणसांच्या वजनावर पेट्रोल किती भरायचं ते ठरतं."

मी म्हटलं, "अठ्ठावन्न." इतक्या पटकन म्हटलं की शिरीषने पेपरमधून डोकं वर काढलं.

दुसऱ्या दिवशी पाहते तर हा बाबा क्लबच्या खोलीत बाथरूममधला वजनकाटा घेऊन उभा! मी चढले. सहासष्ट. तीन पुरुषांच्या देखत! मकरंदने वहीत लिहिलं आणि चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणाला, "उज्ज्वला, विमानाला तुझं लग्नातलं वजन चालत नाही."

तेव्हापासून तो काटा आमच्याबरोबर विमानातून फिरतो. जेवायच्या आधी सगळ्यांचं वजन, जेवून आल्यावर पुन्हा वजन. जगात असली जेवणावळ दुसरीकडे कुठे होत नसेल!

*

कॅप्टन नेहमी पुढे, मकरंदच्या शेजारी. चाळीस वर्षं जहाजाच्या ब्रिजवर उभा राहून हुकूम सोडलेला माणूस मागच्या सीटवर बसतोय होय! पहिल्या दिवशी त्यांनी मकरंदला इतक्या सूचना दिल्या की शेवटी मकरंद म्हणाला, "कॅप्टन, या विमानात कॅप्टन मी आहे."

"मग मी कोण?"

"पंचाऐंशी किलो."

"चौऱ्याऐंशी!" कॅप्टन गरजले.

खाली समुद्रात नांगरलेली जहाजं दिसायला लागली. शेकड्यांनी. कॅप्टन काचेला नाक लावून बघत होते. "हा टँकर. हा रिकामा चाललाय. तो बघ, त्याला बंकर, म्हणजे जहाजाचं तेल, भरतायत." थोड्या वेळाने आवाज उतरला. म्हणाले, "एकदा इथेच नांगर टाकून नऊ दिवस पडलो होतो. धक्क्याला जागा मिळेना, उतरायची परवानगी मिळेना. मंगला रोज संध्याकाळी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर येऊन उभी राहायची. मला फोनवर म्हणायची, तुमचं जहाज दिसतंय हो. एवढ्या गर्दीत तिला काय दिसणार होतं, सांग बरं? आज वरून बघतोय तर मलाच कळत नाहीये कुठलं कुठे ते."

मला काकूंची फार आठवण आली.

*

मलाक्काला चिकन राइसचं एक दुकान आहे. भाताचे लाडू वळून देतात. मालकीण चिनी आजी, सत्तरीची, कपाळाला कायम आठी. आमचा शिरीष पक्का शाकाहारी. तो सव्वा तास विमानात बसून तिथे जातो आणि डब्यातलं थालीपीठ खातो!

पहिल्यांदा आजी संतापली. बाहेरचं खाणं चालणार नाही म्हणाली. शिरीषने काय करावं? अर्धं थालीपीठ तोडलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि तिच्यापुढे धरलं. तिने वास घेतला, चावून बघितलं, आठी तशीच ठेवून आत निघून गेली. आम्हाला वाटलं, संपलं, आता झाडू घेऊन येते. ती चेंदोलचे, म्हणजे नारळाच्या दुधातल्या गारेगार खिरीचे, चार वाडगे घेऊन आली.

पुढच्या वेळी आम्ही दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच तिने विचारलं, "रोटी कुठाय?" ऑर्डर नंतर! हल्ली मी तिचं थालीपीठ वेगळं बांधते, हिरवी मिरची जास्त घालून.

*

आता पपनसं.

इपोहला पपनसं फार सुंदर मिळतात. आपल्या डोक्याएवढी, गुलाबी. मी सहा घेतली. जेवणही दणकून झालं होतं, कॅप्टननी तिसरी प्लेट मागवली होती. विमानतळावर आलो, मकरंदने काटा मांडला. सगळे चढलो, मग पपनसं चढली.

"चार किलो जास्त," मकरंद म्हणाला. "काहीतरी इथेच ठेवावं लागेल. मी इंधनाचं आणि हवामानाचं बघून येतो, तोवर ठरवा."

पपनस टाकून जायचं? जिवावर आलं हो! आम्ही तिघांनी डोकं चालवलं. शिरीष मेकॅनिकल इंजिनियर. मी कॉम्प्युटर इंजिनियर. कॅप्टननी आयुष्यभर जहाजात माल कसा भरायचा तेच केलेलं. तिघांचं एकमत झालं: तीन पपनसं इथेच खाऊन टाकायची!

बसलो बाकावर. सोलतोय, खातोय. पोट तुडुंब, तरी एकमेकांना आग्रह. "घ्या कॅप्टन, एवढी फोड!" मकरंद परत आला आणि हात मागे बांधून बघत उभा राहिला. शेवटची फोड मी मोठ्या कर्तव्यबुद्धीने तोंडात टाकली.

"झालं?" तो म्हणाला. "चला, आता परत काट्यावर."

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. गेलं होतं ते फक्त सालींचं वजन! उरलेली तिन्ही पपनसं तिथल्या सफाईवाल्या बाईंना दिली. त्यांनी आमच्याकडे असं काही बघितलं की आजही आठवलं की मान खाली जाते.

*

माझी मुलगी सई इथेच वाढलेली. एकदा चोआ चू कांगला आमच्या घरी कॅप्टन चहाला आले होते, तेव्हा ती तिच्या सिंगापुरी थाटात म्हणाली, "आजोबा, एवढं फ्लाय करून चिकन राइस खायला जाता? डाउनस्टेअर्स ऑल्सो गॉट, लाह!"

मी डोळे वटारले. कॅप्टन मात्र हसले. म्हणाले, "आहे गं. माझ्याही ब्लॉकखाली आहे. पण डाउनस्टेअर्स मी एकटाच जेवतो, लाह!"

त्या आठवड्यापासून सई दर बुधवारी शाळेतून परस्पर बुकित बातोकला जायला लागली. आजोबांबरोबर खाली नूडल्स खाते. आम्ही तिला सांगितलं नव्हतं.

*

मागच्या वर्षी एकदा ढग दाटून आले, उड्डाण रद्द झालं. मग काय, एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडून लिटिल इंडिया. डोसे मागवले. कॅप्टननी अर्धा डोसा ताटात ठेवला. मी म्हटलं, "कॅप्टन, बरं नाही का?" ते म्हणाले, "अगं, विमानाशिवाय भूक लागत नाही." सगळे हसलो. त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या ट्रिपला कॅप्टन काट्यावर शहात्तर. मकरंदने लिहिलं नाही. वहीची पानं मागे उलटत गेला आणि वाचायला लागला. "चौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी. एक्क्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. आज शहात्तर." प्रत्येक आकडा त्याच्याच अक्षरातला. आम्ही सगळे दर वेळी तिथेच उभे होतो.

"काटा बिघडलाय तुझा," कॅप्टन म्हणाले.

शिरीष गाडीकडे गेला. डिकीत आदल्या दिवशी आणलेली पाच किलो कणकेची पिशवी होती. ती काट्यावर ठेवली.

पाच. बरोब्बर पाच.

"पिशवीवर लिहिलंय तेवढंच भरलं की," कॅप्टन हळूच म्हणाले. मग हसायचा प्रयत्न केला. "मंगला नाही ना आता. खाण्यात कमी पडतं. चला, उशीर होतोय."

मकरंदने वही मिटली. "ज्या वजनाचा मला उलगडा होत नाही ते मी हवेत नेत नाही. आज ट्रिप रद्द. आधी डॉक्टर."

कॅप्टन भडकले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना चढू दिलं नव्हतं. काय वाट्टेल ते बोलले! मकरंद ऐकून घेत राहिला आणि त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं.

*

आतड्यात गाठ होती. वेळेत सापडली. ऑपरेशन झालं, पुढची औषधं सुरू झाली. हॉस्पिटलच्या फॉर्मवर एक रकाना होता, तुम्हाला कोणी पाठवलं. लोक तिथे डॉक्टरचं नाव लिहितात. कॅप्टननी लिहिलं, "पायलट!" नर्सने दोनदा विचारलं म्हणे. त्यांनी दोनदा तेच सांगितलं.

ते सारखे मागे लागले म्हणून आम्ही तिघं एकदा मलाक्काला जाऊन आलो. पुढची सीट रिकामी ठेवली, मी मागेच बसले. आजीने थालीपीठ घेतलं, आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि विचारलं, "तो जाडा कॅप्टन?" शिरीषने पोटावर हात ठेवून खुणेनं सांगितलं. ती आत गेली आणि भाताच्या लाडवांचं पार्सल घेऊन आली. पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी पार्सल घेऊन हॉस्पिटलमध्ये गेलो. त्यांना तेव्हा पेजेशिवाय काही चालत नव्हतं. त्यांनी झाकण उघडलं आणि पार्सल नाकाशी धरलं. "आज वास," म्हणाले. "बाकीचं तिथे जाऊन." मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

"मी कधी येऊ रे?" त्यांनी मकरंदला विचारलं.

काट्यावर तेव्हा ते सहासष्ट होते. माझ्याइतके! मकरंदने विचार केला. "तुमचं वय किती?"

"बहात्तर."

"वजन वयाइतकं झालं, की या."

*

दर आठवड्याला सईचा रिपोर्ट यायचा. सदुसष्ट. साडेसदुसष्ट. अडुसष्ट. तिथेच अडकलं. डॉक्टर म्हणाले, गाठ गेलीय, बरे आहात, फिरा, हिंडा, वजन सावकाश येईल. कॅप्टन रोज तूप खायचे आणि रोज काट्यावर चढायचे. काटा काही ऐकेना.

आणि एका शनिवारी त्यांचा फोन. "उज्ज्वला, मकरंदला सांग. बहात्तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या खोलीत जमलो. कॅप्टन जाकीट घालून आले. जहाजावरचं जुनं, जाड, खिसेच खिसे असलेलं. सिंगापूरच्या उकाड्यात! कपाळावर घाम. मी म्हटलं, "काढा की ते," तर म्हणाले, "वर गार लागतं हल्ली."

मकरंदने काटा मांडला. कॅप्टन चढले, छाती काढून, सलाम घेतात तसे उभे राहिले.

"बहात्तर," मकरंद म्हणाला.

शिरीषने टाळ्या वाजवल्या. मी देवाला हात जोडले. कॅप्टन खाली उतरले आणि टप् टप् टप् असा बारीक आवाज आला. फरशीवर पिवळे दाणे पडत होते. तूरडाळ! जाकिटाच्या खिशातून धार लागली होती.

मकरंदने नुसता हात पुढे केला.

कॅप्टननी एकेक खिसा रिकामा केला. अर्ध्या किलोचं एक पाकीट. दुसरं. तिसरं. सहा पाकिटं टेबलावर आली, एक फाटलेलं. लिटिल इंडियातल्या दुकानाची लेबलं अजून तशीच होती.

कॅप्टन पाकिटांकडे बघत म्हणाले, "मकरंद, डॉक्टर म्हणतात मी बरा आहे. वजन येईल तेव्हा येईल. मला मलाक्काला जेवायचंय रे. तुम्हा लोकांबरोबर."

मकरंदने त्यांना पुन्हा काट्यावर उभं केलं. वाकून आकडा बघितला. मग वही उघडली, पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं.

"कॅप्टन, एकोणसत्तर. तूरडाळ, तीन. एकूण, बहात्तर."

वही मिटली आणि माझ्याकडे वळला.

"उज्ज्वला, ती सांडलेली डाळ आधी गोळा कर. वजन कमी भरायला नको!"