सीडी अडकते तिथे

शेजाऱ्यांनी यंदा सीताफळाच्या झाडाला जुन्या सीड्या दोऱ्यांनी टांगल्या आहेत, पोपटांनी फळांना तोंड लावू नये म्हणून. चार दिवस पोपट बिचकले. आता त्याच फांदीवर बसून मान तिरकी करकरून स्वतःचं रूप न्याहाळतात. पण आश्विनातलं सकाळचं ऊन त्या बाजूनं कललं, की वाऱ्यावर गिरक्या घेणाऱ्या एखाद्या सीडीचा रंगीत कवडसा खिडकीतून आत येतो, भिंतीवरून सरकत जातो आणि मुलीनं पाठवलेल्या नव्या, भल्याथोरल्या टीव्हीच्या काळ्या काचेवर क्षणभर थरथरतो. बोरगाव मेघेच्या या घरात माझ्याशिवाय हालचाल करणारं तेवढंच काय ते. हे मी गमतीनं लिहितोय असं समजू नका.

आमच्याकडच्या सीड्या मात्र अजून कपाटात आहेत, स्टीलच्या डब्यात, एकीला दुसरीचा चरा पडू नये म्हणून मध्ये मलमलीचे तुकडे घालून ठेवलेल्या. मलमल माझ्या जुन्या धोतराची, आणि तुकडे बायकोनं कापलेले. मी हिंगणीच्या शाळेत भूगोल शिकवत असताना आम्ही पहिला सीडी प्लेअर घेतला. उन्हाळ्याच्या सुटीत दुपारी खिडक्यांना ओले पडदे लावायचे, कूलर सुरू करायचा, त्याच्या घरघरीत निम्मे संवाद वाहून गेले तरी चालतील, पण सिनेमा बघायचा. एक सिनेमा दोन सीड्यांत मावायचा. पहिली संपली की चहा, आणि चहा पिताना पुढं काय होईल यावर वाद. खरं तर वादाला जागा नसे, कारण तोच सिनेमा आम्ही कितव्यांदा तरी पाहत असू. तरीही ती तावातावानं भांडायची. या वेळी तरी नायकाला अक्कल येईल अशी तिला खरोखरच आशा असावी.

त्यातला एक जुना हिंदी सिनेमा तिचा अगदी जीव की प्राण. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच मोबाइलवर शोधायला घ्याल आणि माझं ऐकणं राहून जाईल. रोहण्याहून मामाच्या बैलगाडीत बसून आर्वीच्या टॉकीजमध्ये तिनं तो लहानपणी पाहिला होता. मी कधीच पाहिला नव्हता. नवराबायकोचं बिनसतं, बायको कायमची माहेरी निघते, आणि एका आडगावच्या स्टेशनावर नवरा धापा टाकत तिला गाठतो, असं त्याचं कथानक. आणि नेमका त्याच्या दुसऱ्या सीडीवर, आणल्याच्या आठवड्यातच, लावून बघायच्या आधी गुलाबजामचा पाक सांडला. आता पाक सांडलाच, तर ओल्या फडक्यानं अलगद पुसायचा. पण आमच्या मंडळींनी आयुष्यभर भांडी लखलखीत ठेवलेली. चकचकीत, गोल, चिकट झालेली वस्तू हाती आली की त्यांचा हात आपोआप राखेकडे जायचा. तिनं ती सीडी चिमूटभर चाळलेली राख घेऊन, काशाची वाटी घासावी तशी हलक्या हातानं घासली, धुतली आणि पदरानं पुसून माझ्यापुढं धरली. ‘‘पाहा बरं, कशी आरशावानी झाली!’’ मी कपाळावर हात मारून घेतला.

नशिबानं बरीचशी सीडी वाचली. फक्त नवरा फलाटावर पाय ठेवतो तिथं चित्र थिजायचं, त्याच्या तोंडाचे चौकोन व्हायचे, थोडा वेळ प्लेअर आतल्या आत कण्हायचा आणि एकदम गाडी सुटून गेलेली दिसायची. नवरा एकटाच टांग्यात बसून परत येतोय. मधल्या वेळात दोघं काय बोलली, ते गायब. मी वैतागून नवी सीडी आणतो म्हणालो, तर ती ठसक्यात म्हणाली, ‘‘काऊन आणता? म्या बिघडवली त मीच सांगतो तेवढं.’’ आणि तिनं सांगितलं. प्लेअर कण्हत असताना, पदर खोचून, दोन्ही बाजूंचे संवाद म्हणत. हिंदी सिनेमाची ती नायिका आमच्या घरात अस्सल वऱ्हाडी बोलायची.

पुढं कितीतरी वर्षं हाच रिवाज चालला. आणि गोष्ट दर वेळी बदलत गेली. मी उभा जन्म उत्तरपत्रिका तपासलेला माणूस, माझ्या नजरेतून ते सुटणार कसं? मुलगी शिकायला बाहेरगावी गेली त्या उन्हाळ्यात नायिका फलाटावर म्हणाली, ‘‘कपडे वाळत घातले हायेत, आभाळ आलं त काढून घेजा.’’ बायकोचे वडील गेले तेव्हा नायिकेनं नवऱ्याला विचारलं, मरण्याआधी माणसाला आपलं वावर एकदा डोळाभर पाहावंसं का वाटत असेल. आणि एकदा माझ्या हट्टापायी तिच्या भावाकडचं लग्न चुकलं, त्या रविवारी तर नायिकेनं नायकाला असा काही धुतला, की चहाचा कप हातात धरून मी भिंतीकडं बघत बसलो. खरं काय होतं असं मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं बोलणं थांबवलं असतं, आणि ती जे एरवी बोलत नसे ते ऐकायची ती माझी एकच खिडकी होती.

ती जाऊन दोन पावसाळे झाले. मुलगी पुण्याला असते. तिला वाटतं टीव्ही मोठा असला की घर भरल्यासारखं वाटेल, म्हणून तिनं हा टीव्ही पाठवला. त्यावर आमच्या सीड्या लावल्या तर सगळी माणसं विरजण लागलेल्या दुधासारखी दिसतात. मग फोन. ‘‘बाबा, तुम्ही किती दिवस ते चौकोन पाहत बसणार? आईचा सिनेमा ब्लू-रेमध्ये आलाय, सगळा साफ करून. प्लेअर आणि डिस्क, दोन्ही पाठवते. फक्त हो म्हणा.’’ वर्ध्यातल्या ओळखीच्या दुकानदाराला विचारलं तर तो हसला. ‘‘सर, आता डिस्क कोन घेते? सारे मोबाइलवरच पाहून राह्यले. पन चित्र म्हणाल त एक नंबर. डोळ्यातलं पानी भी दिसते.’’

तेच तर नको होतं मला. एकदा का तो प्रसंग स्वच्छ, धडधडीत पडद्यावर आला, की तोच खरा ठरणार, आणि वाळत घातलेले कपडे, वडलांचं वावर, मी खाल्लेल्या त्या शिव्या, सगळं खोटं. दुसऱ्या कुणाच्या चार वाक्यांसाठी मी तिची इतक्या वर्षांची बोलणी घालवू? मुलीला सांगितलं, राहू दे, माझे डोळेच आता हाय डेफिनिशनचे उरले नाहीत, उगाच कशाला. ती हसली नाही.

पण मग एका दुपारी मी जुनी सीडी लावली. प्लेअर नेहमीच्या जागी कण्हू लागला. मी वाट पाहिली, आणि कुणीच बोललं नाही म्हणून आपणच बोलावं असं ठरवलं. ‘कपडे वाळत घातले...’ एवढं म्हणालो आणि माझाच आवाज मला वर्गात हजेरी घेतल्यासारखा ऐकू आला. पुढचं आठवेना. कोणत्या उन्हाळ्यातलं कोणतं वाक्य, सगळ्यांचा काला झालेला. ज्या जागेत मी तिला जपून ठेवलंय अशा समजुतीत होतो, तिथं चौकोनांशिवाय काही उरलं नव्हतं. इतकं एकटं मला तिला पोचवून घरी आलो तेव्हाही वाटलं नव्हतं. संध्याकाळी मुलीला फोन करून म्हटलं, पाठव.

पार्सल आलं. मुलीनं फोनवरून सांगितलं तशा वायरी जोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी जेवण आटोपून खिडकी लावून बसलो. चित्र खरंच एक नंबर. नायिकेच्या पातळाचे काठ, टांग्याच्या घोड्याच्या पापण्या, सगळं दिसत होतं. डिस्क बदलावी लागली नाही, त्यामुळे चहाही झाला नाही. स्टेशन आलं. नवऱ्यानं फलाटावर पाय ठेवला, आणि चित्र अडकलं नाही. तो चालत गेला, ती बसली होती त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. दोघांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. वाऱ्यावर तिचा पदर हलत होता, दूर कुठं तरी कुत्रं भुंकत होतं. गाडी आली. ती उठली, चढली, गाडी गेली. संपलं.

आणि मग मला शेवटचा रविवार आठवला. आजारपणाचा, तिच्या उशाला बसून पाहिलेला. प्लेअर कण्हू लागला तशी मी सवयीनं तिच्याकडं मान वळवली. ती छताकडं पाहत होती. मग म्हणाली, ‘‘काई बोलत नाई ते. तो येऊन बसते. दोघं बसून राह्यते. बस.’’ मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणालो, थकलीस, झोप जराशी. तिनं माझा हात धरला. ‘‘थकली नाई जी. तेवढंच हाये त्याच्यात.’’

मला ते खरं वाटलं नव्हतं.