फळ्यावरचं सहासष्ट

वहिनी रोज सकाळी साडेनऊ वाजता लोकांच्या शिव्या मोठ्याने वाचून दाखवत. आवाज असा, की जणू दुधातल्या फॅटचे आकडे वाचताहेत.

"'पाणचट झाली आहे.' दोन स्टार. 'पूर्वीची मजा नाही.' तीन. 'नाव मोठं, लक्षण खोटं.' एक."

"एक कुणी दिला?" टाकीमागून त्यांचा दीर ओरडे.

"नाव नाही. मांजराचा फोटो आहे."

"मांजराला काय कळतंय बिअरमधलं!"

"याच मांजराने मागच्या वर्षी पाच दिले होते, भावजी."

मग वहिनी फोन ओट्यावर पालथा ठेवत आणि बादली उचलत.

मी हे सगळं सिंकजवळच्या उंच स्टुलावरून पाहत असे. नाटकात आयुष्य घालवलेल्या माणसाला रिकाम्या दुपारी खायला उठतात. माझ्या खोलीसमोरच्या टायरच्या गोदामात चार वर्षांपूर्वी या मंडळींनी बिअर बनवायला सुरुवात केली, तेव्हा मी आधी कुतूहलाने आणि मग हक्काने तिथे जाऊन बसू लागलो. उन्हात पत्रा तापला की अजूनही तिथे माल्टच्या जोडीला रबराचा वास येतो. वयाने मी वहिनींच्या वडिलांच्या जागी. पण सगळा रस्ता त्यांना वहिनी म्हणतो, म्हणून मीही म्हणतो.

ब्रुअरी त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे दादांची. दादा म्हणजे सहा फुटी, मोठ्याने हसणारा, उधळ्या स्वभावाचा माणूस. रंगमंचावर असता तर पहिल्याच प्रवेशात टाळी घेतली असती. वहिनी एका डेअरीच्या तपासणी खोलीत नोकरीला होत्या. रोज शेकडो नमुने, शेकडो आकडे. दादांनी त्यांना ती नोकरी सोडायला लावली आणि म्हणाले, "तू मोजायचंस, मी ढवळायचं." तशी वाटणी झाली. वह्या, धुणं, बाटल्या वहिनींकडे. आग, पाणी आणि चव दादांकडे. दादांच्या आई बाटल्यांवर लेबलं चिकटवत. थेंबभर पीत नसत, पण लेबल केसभर वाकडं गेलं तर उकलून पुन्हा लावत.

त्यांनी केलेली पहिली बिअर तांबूस रंगाची होती. नाव काय ठेवायचं यावर आठवडाभर वाद झाला आणि शेवटी नाव पडलं 'पहिली'. त्यामुळे पुढे मोठी गंमत व्हायची. "आता दुसरी घेणार का?" "हो, द्या आणखी एक पहिली." फोनवर लोक जिथे बिअरला स्टार देतात तिथे ती दोन वर्षांत चार पूर्णांक चारला पोचली. या गल्लीच्या तोंडाशी रिक्षाही वळत नाही, तिथे लांबलांबून लोक पत्ता विचारत यायला लागले.

मी एकदा ऐटीत वहिनींना म्हणालो, "माझ्या एका नाटकाचे सहाशे प्रयोग झाले. पण तिकीट काढून आलेला माणूस दर खेपेला पहिल्यांदाच आलेला असतो, हे कधी विसरलो नाही."

वहिनी बाटल्या पालथ्या घालत म्हणाल्या, "तुमचं बरं होतं, काका. आमच्याकडे तो दुसऱ्यांदा येतो. आणि पहिल्यांदाची चव लक्षात ठेवून येतो."

चौतिसावी बॅच बाटलीत भरून झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादा टाकी धूत होते. गुडघ्यावर बसले आणि उठलेच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. दवाखान्याने त्यांचे कपडे निळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून दिले. वहिनींनी ती पिशवी घरी नेऊन कपाटावर ठेवली आणि दहाव्या दिवशी ब्रुअरीचं शटर उचललं.

त्या रडल्या नाहीत. मी रंगमंचावर पुष्कळ विधवा पाहिल्या आहेत, त्यातल्या एकीनेही असं केलं नव्हतं. सगळं वेळच्या वेळी. केस विंचरलेले, एप्रन स्वच्छ, वहीत आकडे सरळ रेषेत. कुणी दादांचा विषय काढला तर त्या ऐकून घेत आणि "हो" म्हणत. समोर ग्लास ठेवला तर ओठाला लावून खाली ठेवत. "मला चव लागत नाही हल्ली," एवढंच एकदा म्हणाल्या. "जेवणाचीही नाही. आकडे बघते मी. आकडे बरोबर असले की झालं."

भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर 'पहिली'ची कृती दादांच्या ठसठशीत अक्षरात खडूने लिहिलेली. माल्ट किती, हॉप्सची कडू फुलं कधी. आणि मधोमध, गोल करून, '६६ अंश'. भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गरम पाण्यात तासभर भिजतं. त्या तासात पाणी किती गरम आहे, त्यावर बिअरचा स्वभाव ठरतो. कमी तापलं तर हलकी आणि कोरडी. जास्त तापलं तर भरदार, किंचित गोडसर. वहिनी दर शनिवारी भिंती धूत, फळ्याची चौकट पुसत. पण फडकं त्या अक्षरांच्या कडेने असं फिरवत, की झोपलेल्या माणसाभोवती झाडू मारावा.

पस्तिसावी बॅच वहिनींनी केली. फळ्याबरहुकूम. छत्तिसावी, सदतिसावी, तशीच. आणि स्टार ढासळायला लागले. चार पूर्णांक चारचे चार, मग तीन पूर्णांक आठ, मग तीन पूर्णांक सहा. एकाने लिहिलं, "दादा गेले, चवही गेली." वहिनींनी तेही त्याच आवाजात वाचलं. धाकटा दीरच उठून बाहेर गेला.

धाकट्याने काय काय केलं नाही! माल्ट देणारा बदलला. पाण्याचं फिल्टर बदललं. यीस्ट नवं आणलं. फरक शून्य. आठव्या महिन्यात तो ओट्याशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"वहिनी, आता बास. चाळिसावी झाली, एक्केचाळिसावी झाली. आणखी एक करू. ती जमली नाही तर 'पहिली' बंद."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे बंद. दादाच्या नावाला रोज एक स्टार पडलेला बघवत नाही मला. आंब्याची करू, कॉफीची करू. लोकांना नवीन काहीतरी हवंच असतं."

"मी काहीच बदललं नाही, भावजी."

"तेच तर म्हणतोय! काही बदललं नाही आणि तरी बदललं. मग तो हातच गेला असेल. हाताला काय करणार आपण?"

लेबलं चिकटवणाऱ्या आईंनी मान वर केली. "हातबीत काही नसतं. भाजी करपली की हाताचं नाव घ्यायचं आणि आच बघायची नाही."

"आई, तू पीत नाहीस. तू नको बोलूस."

"पीत नाही म्हणूनच शुद्धीवर आहे."

धाकटा गेला. वहिनी ओल्या हाताने तशाच उभ्या होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही चार वर्षं पिताय. काय बदललंय, ते सांगा. चांगली-वाईट नको. काय बदललंय?"

मी ग्लास उजेडात धरला, एक घोट घेतला, डोळे मिटले. जुनी सवय. "पूर्वी तोंडात थांबायची," मी म्हणालो. "बसायला पाट मागायची जणू. आता आली आणि गेली."

वहिनींनी वही काढली. उभ्या-उभ्याच पानं उलटली. बिअर तयार झाल्यावर तिच्यात उरलेल्या साखरेचा आकडा त्या प्रत्येक बॅचला लिहीत. पहिल्या बॅचपासून चौतिसावीपर्यंत चौदा, चौदा, चौदा, क्वचित तेरा. पस्तिसावीपासून दहा. दहा. दहा.

"हे मी आधीही बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, यीस्ट जास्त खातंय. म्हणून भावजींनी यीस्ट बदललं. तरी दहा."

"मग?"

"मग यीस्टचा दोष नाही. त्याला खायला मिळतंय, म्हणून ते खातंय. पाणी कमी तापलं की त्याला खाता येईल अशी साखर जास्त निघते." त्यांनी फळ्याकडे पाहिलं. "पण सहासष्टच असतं. मी स्वतः बघते."

"कशात बघता?"

त्यांनी एप्रनच्या खिशातून आकडे दाखवणारा थर्मामीटर काढला. नवाकोरा, तपासणीच्या दाखल्यासकट घेतलेला. दाखला ड्रॉवरमध्ये होता. त्यावरची तारीख त्यांनी वाचली, वहीतली तारीख वाचली. पस्तिसाव्या बॅचचा आदला दिवस.

"ह्यांच्याकडे काचेचा होता," त्या म्हणाल्या. "दोरी बांधलेला. मला हात लावू द्यायचे नाहीत, फुटेल म्हणून. एप्रनच्या खिशात असायचा."

आईंच्या हातातलं लेबल बोटाला चिकटून राहिलं.

वहिनींनी हात पुसले आणि घरी गेल्या. घर मागच्याच गल्लीत. दहा मिनिटांत परत आल्या. हातात निळी पिशवी होती. ती त्यांनी ओट्यावर ठेवली आणि कात्रीने गाठ कापली.

मला वाटलं होतं, आता बांध फुटेल. नटाची अपेक्षा, दुसरं काय. त्यांनी शर्ट काढला, घडी घातली. पँट काढली, घडी घातली. एक मोजा. दुसरा नव्हता, त्यांनी पिशवी उलटी करून झटकली, तरी नव्हता. मग एप्रन, माल्टचे डाग वाळून कडक झालेला. खिशात हात घातला. फडक्यात गुंडाळलेला काचेचा थर्मामीटर अख्खा होता.

"माझा लेक घड्याळ बांधून गेला होता ना?" आईंनी विचारलं.

"घड्याळ भावजींच्या हातात आहे, आई. त्याच दिवशी दिलं त्यांना."

"हं," आई म्हणाल्या. त्यांनी एप्रन ओढून मांडीवर घेतला आणि नखाने एक डाग खरवडत बसल्या.

वहिनींनी चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं. चांगलं खळखळू दिलं. नवा थर्मामीटर बुडवला: शंभर. काढला, पुसला. मग दोरीने धरून जुना सोडला. पारा चढला, चढला आणि थांबला. त्यांनी डोळा त्या उंचीला नेला, डेअरीत नेत असतील तसा.

"सत्त्याण्णव."

पुन्हा केलं. सत्त्याण्णव. तिसऱ्यांदा केलं. सत्त्याण्णव.

"तीन कमी दाखवतो," त्या म्हणाल्या. "ह्यांचं सहासष्ट म्हणजे एकोणसत्तर."

"म्हणजे माझा मुलगा इतकी वर्षं चुकीचं मोजत होता?" आईंनी विचारलं. आवाजात धार होती.

"हो, आई. पण रोज एकसारखं चुकत होते."

"आणि तू?"

"मी बरोबर मोजलं." वहिनींनी गॅस बंद केला. "म्हणून बिघडली."

धाकट्याला बोलावलं. त्याने तिन्ही आकडे ऐकले, स्वतः पाणी उकळून चौथ्यांदा पाहिलं आणि मग त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेला रंग आला.

"वहिनी, ही काय गोष्ट आहे, कळतंय का तुम्हाला? हा जुनाच वापरायचा आता. काचेच्या पेटीत ठेवू, बॅचच्या दिवशी काढू. फोटो टाकू. 'दादाची चूक.' लोक वेडे होतील! मांजरसुद्धा पाच देईल!"

"काच आहे, भावजी. एक दिवस फुटेल. मग?"

"मग... तेव्हाचं तेव्हा."

"नाही. आणि गोष्ट टाकायची नाही."

"अहो, पण का?"

वहिनींनी काचेचा थर्मामीटर पुन्हा फडक्यात गुंडाळला. "ह्यांना माहीत नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

धाकटा खाली बसला. मनगटावरचं घड्याळ त्याने उगाच फिरवलं. "बरं," तो म्हणाला. "नाही टाकत."

मग एकच काम उरलं होतं, आणि ते काय, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. जुना थर्मामीटर वापरायचा नसेल तर फळ्यावरचं सहासष्ट खोटं होतं. उद्या धाकटा आजारी पडेल, परवा नवा माणूस येईल. तो फळा बघूनच पाणी तापवणार.

"मी पुसू का?" धाकट्याने विचारलं.

"नको."

वहिनींनी फडकं ओलं करून पिळलं, स्टूल ओढलं, चढल्या. आधी गोल पुसला. मग एक सहा. मग दुसरा. खडू घेऊन त्यांनी आपल्या बारीक, डेअरीतल्या अक्षरात एकोणसत्तर लिहिलं. दादांच्या त्या मोठ्या अक्षरांमध्ये ते पाहुण्यासारखं अंग चोरून बसलेलं दिसत होतं. खाली उतरल्या, फडकं धुतलं, वाळत घातलं.

बेचाळिसावी बॅच दुसऱ्या दिवशी सकाळी लागली. पुढचे साडेतीन आठवडे कुणी तिचं नाव काढलं नाही. परीक्षेचा निकाल असलेल्या घरात जसं सगळे हवापाण्याबद्दल बोलतात, तसं आम्ही बोललो. आईंनी तेवढ्या काळात तो एप्रन तीनदा धुतला.

ज्या सकाळी पहिला ग्लास भरला, त्या सकाळी धाकटा दारात उभा राहिला. आत येईना. वहिनींनी ग्लास माझ्यासमोर ठेवला. वही उघडी होती, साखरेच्या रकान्यात चौदा लिहिलेलं होतं.

मी घोट घेतला. ती आली आणि थांबली. त्या गोडव्यामागे मला गोदामातली पहिली संध्याकाळ दिसली. दादा ग्लास उंचावून आमच्याकडे बघून हसताहेत, फेस मिशीला लागलेला. सहाशे प्रयोगांत मी कधी संवाद विसरलो नव्हतो, तो त्या दिवशी विसरलो.

"काका?" धाकटा दारातून म्हणाला.

मी मान हलवली. त्याला तेवढं पुरलं. तो वळला, तोंड शटरकडे करून उभा राहिला आणि मग म्हणाला, "आंब्याची नंतर बघू."

वहिनींनी स्वतःसाठी अर्धा ग्लास भरला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच पूर्ण घोट घेतला, गिळला. आम्ही तिघंही त्यांच्याकडे पाहत होतो. चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी आणखी एक घोट घेतला, जरा जास्त वेळ तोंडात ठेवला.

"गोडसर आहे का, काका?" त्यांनी मला विचारलं.

"आहे, वहिनी."

"अगदी तशीच?"

"अगदी तशीच."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. वहीत चौदाच्या पुढे त्यांनी एक बारीक खूण केली, उरलेला ग्लास सिंकमध्ये न ओतता माझ्यापुढे सरकवला आणि बादली उचलून टाकी धुवायला गेल्या.